समुद्रकांठचें लोकशिक्षण: वेळासच्या कासवांचा इतिहास व आपणांस त्याचा बोध

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा वृत्तांत असावा, दिवंगत धर्मगुरूंचें व वडीलधाऱ्यांचें स्मरण असावें, आणि शेवटीं देणगीदारांची यादी असावी, हा जुना शिरस्ता आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. होटगी कोठें, आणि समुद्र कोठें! आपल्या गांवची ख्याति रेल्वेच्या जंक्शनामुळें. मुंबईहून चेन्नईकडे जाणारा मुख्य मार्ग येथून जातो, आणि विजापुरावरून गदगकडे जाणारा फांटाहि येथेंच फुटतो. आपल्यांतील पुष्कळांनीं समुद्र पाहिला तो मुंबईस नातलगांकडे गेल्यावर, किंवा वेलांकणीच्या यात्रेंत. आणि कित्येक वृद्धांनीं तर अद्याप पाहिलेलाच नाहीं. मग समुद्रांतल्या कासवांची कथा येथें कशासाठीं, असें कोणी विचारील. याला दोन कारणें आहेत.

पहिलें कारण या उत्सवाच्या नांवांतच आहे. ज्युबिली हा शब्द ज्या योबेल वर्षावरून आला, त्याचा नियम लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत दिला आहे. त्या वर्षीं शेताला विसावा द्यावा, दास्यांत पडलेल्यास मुक्त करावें, हातची गेलेली जमीन मूळ घराण्यास परत मिळावी; कारण भूमि परमेश्वराची आहे आणि मनुष्य तिच्यावर केवळ पाहुणा आहे, असा त्या नियमाचा आशय आहे. तेव्हां घेतलेलें परत करणें व सृष्टीचा हिशेब देणें हें ज्युबिलीचें मूळचेंच कार्य होय. दुसरें कारण भूगोलाचें आहे. आपल्या परिसरांतील पावसाचें पाणी ओढ्यानाल्यांनीं वाहत जाऊन भीमेस मिळतें. भीमा रायचूरच्या बाजूस कृष्णेस मिळते. आणि कृष्णा आंध्र प्रदेशांत हंसलदीवीपाशीं बंगालच्या उपसागरांत शिरते. त्या हंसलदीवीच्या वाळूंतहि समुद्रकासवें अंडीं घालावयास येतात. म्हणजे आपल्या दारचा ओढा हा समुद्राचाच एक लांबलेला हात आहे. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे विषय परका राहत नाहीं.

ज्या कासवाची ही हकीकत आहे त्याला ऑलिव्ह रिडले असें म्हणतात. त्याची पाठ ऑलिव्हच्या फळासारखी हिरवट करडी असते, म्हणून हें नांव पडलें. पूर्ण वाढलेलें कासव दोन-सव्वादोन फूट लांब असतें. नर एकदां समुद्रांत गेला कीं बहुधा पुन्हां जमिनीवर पाय ठेवीत नाहीं. मादी मात्र अंडीं घालण्यासाठीं किनाऱ्यावर येते, आणि बहुधा आपण जेथें जन्मलों त्याच बाजूच्या किनाऱ्यावर येते. भरतीच्या रेषेच्या वर, रात्रीच्या काळोखांत, मागच्या पायांनीं ती दीड फूट खोल खड्डा खणते, त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालते, वाळू लोटून खड्डा बुजविते, आपल्या अंगाच्या भारानें ती वाळू दाबून सपाट करते आणि समुद्रांत निघून जाते. पुढें त्या अंड्यांचें काय होतें हें ती पाहत नाहीं. ४५ ते ६० दिवस वाळूची ऊब हीच त्यांची आई. त्या उबेवरच पिल्लू नर होणार कीं मादी हें ठरतें. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक, कमी तापली तर नर अधिक. पिल्लें बाहेर पडलीं कीं जिकडे उजेड दिसेल तिकडे धांव घेतात. मनुष्यानें दिवे लावले नव्हते तोंवर रात्रीच्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ दिशा समुद्राचीच असे. आतां हॉटेलांचे व रस्त्यांचे दिवे त्यांना उलट्या वाटेला नेतात. खेंकडे, पक्षी, कोल्हे, कुत्रीं आणि पुढें समुद्रांतले मोठे मासे, इतक्या तडाख्यांतून हजारांत एखादेंच पिल्लू प्रौढपणास पोंचतें, असें सामान्यतः मानलें जातें.

भारतांत या कासवांचा सर्वांत मोठा मेळा ओडिशाच्या किनाऱ्यावर भरतो. गहिरमाथा व ऋषिकुल्या येथें एकेका रात्रीं हजारों माद्या वाळूवर चढतात. या सामुदायिक आगमनाला 'आरिबादा' हा स्पॅनिश भाषेंतला शब्द जगभर रूढ झाला आहे. गहिरमाथ्याची वार्ता शास्त्रज्ञांच्या जगास १९७४ सालीं कळली. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर असा मेळा भरत नाहीं. येथें नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एकटीदुकटी मादी रात्रीं येते, आपलें काम उरकते आणि पहांटेपूर्वीं परत जाते. सकाळीं वाळूवर उरतो तो तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग. आणि तोच माग तिच्या अंड्यांचा घात करीत असे. ज्याला तो माग वाचतां येई, तो काठीनें वाळू टोंचून पाही, जागा सांपडली कीं खणी, आणि सारीं अंडीं टोपलींत घालून घरीं नेई. कांहीं घरीं खाल्लीं जात, कांहीं बाजारांत विकलीं जात. मागें जीं घरटीं मनुष्याच्या नजरेंतून सुटत, तीं कोल्ह्यांकुत्र्यांच्या नाकांतून सुटत नसत.

हे अंडीं नेणारे लोक दुष्ट होते काय? प्रस्तुत लेखकास तसें वाटत नाहीं. ज्याच्या घरीं हातावर पोट आहे, त्याला वाळूंत आयतें सांपडलेलें अन्न हें देवाचें देणेंच वाटणार. त्याच्या आजानें तेंच केलें, बापानें तेंच केलें, आणि कासवें तरीहि येतच राहिलीं. मग आपल्या एका टोपलीनें काय बिघडतें, हा त्याचा हिशेब. तो चुकीचा होता, परंतु तो मूर्खपणाचा नव्हता. कासव प्रौढ होण्यास सुमारें १५ वर्षें लागतात. आज सर्व अंडीं उचललीं तरी समुद्रांतलीं जुनीं कासवें वर्षानुवर्षें येतच राहतात. नुकसान दिसूं लागतें तें एका पिढीनंतर, आणि दिसूं लागतें तेव्हां फार उशीर झालेला असतो. अज्ञान म्हणतात तें हेंच. तें तुरुंगानें जात नाहीं, शिक्षणानें जातें.

कायदा नव्हता असें नाहीं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि हें कासव त्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे, म्हणजे वाघाला जें संरक्षण तेंच त्याला. परंतु कोंकणच्या शेंकडों किलोमीटर लांबीच्या किनाऱ्यावर रात्रीं दोन वाजतां कोणता शिपाई उभा राहणार? कायद्याला डोळे लागतात, आणि ते डोळे गांवकऱ्यांचेच असावे लागतात. ही गोष्ट निरनिराळ्या ठिकाणच्या साध्या माणसांना आधींच उमगली होती. कोस्टारिका देशांत टॉर्टुगेरो येथें आर्ची कार या अमेरिकन प्राध्यापकाच्या प्रेरणेनें १९५९ सालीं कासवांसाठीं संस्था स्थापन झाली व स्थानिक लोकांस तिनें कामांत घेतलें. आपल्या देशांत मद्रासच्या किनाऱ्यावर १९७० नंतरच्या दशकांत कांहीं निसर्गप्रेमी रात्रीं मैलोगणती चालून अंडीं गोळा करीत व सुरक्षित जागीं पुरीत. १९८८ पासून तेथील विद्यार्थ्यांनीं स्वतःची संघटना उभारून तें काम चालविलें. केरळांत कोळाविपालम या खेड्यांतील मच्छीमार तरुणांनीं १९९२ सालीं वृत्तपत्रांतील एक लेख वाचून आपल्या किनाऱ्याची राखण आरंभिली. गोव्यांत मोरजी येथें कॅप्टन जेरार्ड फर्नांडिस या निवृत्त सैनिकी अधिकाऱ्यानें अंडीं खोदणाऱ्या गांवकऱ्यांचीच समजूत घालून त्यांना राखणदार केलें. महाराष्ट्रांत हें कार्य जेथें रुजलें, तें गांव वेळास.

वेळास हें रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांत आहे. सावित्री नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें दक्षिण तीरावर बाणकोटचा किल्ला उभा आहे. त्याच्या जवळच, नारळी-पोफळीच्या वाड्यांत, हें गांव वसलें आहे. पेशवाईंतील प्रसिद्ध मुत्सद्दी नाना फडणीस यांच्या घराण्याचें हें मूळ गांव. इतिहासाच्या पुस्तकांत वेळासचें नांव येई तें एवढ्याकरितांच. एरव्हीं कोंकणांतील इतर खेड्यांसारखेंच तें: कर्तीं मुलें मुंबई-पुण्यास नोकरीस, आणि मागें म्हातारे, बायका व शाळकरी पोरें.

चिपळूण येथें 'सह्याद्रि निसर्ग मित्र' ही संस्था १९९२ सालीं निघाली. तिचे प्रवर्तक श्री. भाऊ काटदरे. या संस्थेचे कार्यकर्ते समुद्र गरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत २००२ सालीं वेळासला आले असतां त्यांस वाळूवर अंड्यांचीं टरफलें दिसलीं. चौकशी करतां सर्व हकीकत बाहेर आली: कासवें येथें येतात, आणि त्यांचीं अंडीं चोरीस जातात. आले होते गरुडासाठीं, आणि हातीं लागलें कासवांचें काम. यापुढें त्यांनीं जें केलें त्यांतच या इतिहासाचें मर्म आहे. पोलिसांत वर्दी देऊन ते परत जाऊं शकले असते. शाळेंत एक व्याख्यान देऊन व फलक लावूनहि परत जाऊं शकले असते. त्यांनीं तिसरा मार्ग धरला. गांवकऱ्यांशीं व ग्रामपंचायतीशीं बोलून त्यांनीं गांवांतीलच माणसें निवडलीं, त्यांस मानधन दिलें आणि किनारा त्यांच्या स्वाधीन केला. ज्याला कासवाचा माग वाचतां येतो, त्याच्यासारखा दुसरा पहारेकरी कोण? जी विद्या अंडीं नेण्याच्या कामीं येत होती, तीच आतां अंडीं राखण्याच्या कामीं आली.

कामाची रीत साधी आहे. ती येथें सविस्तर सांगतों, कारण मोठीं वाटणारीं कार्यें किती बारीकसारीक शिस्तीवर उभीं असतात हें त्यावरून कळेल. हंगामांत राखणदार पहांटे किनारा पालथा घालतो. माग दिसला कीं घरटें शोधतो. अंडीं हलक्या हातानें काढून, न उलथवितां, टोपलींत ठेवतो. किनाऱ्यावरच भरतीच्या पाण्यापासून दूर, जाळीचें कुंपण घातलेली जागा असते. तेथें मादीनें खणला होता तितकाच खोल व तसाच घडणीचा खड्डा खणून अंडीं त्यांत ठेवतात, वाळू लोटतात, आणि जवळ तारीख व अंड्यांची संख्या लिहून ठेवतात. दीड महिन्यानंतर त्या घरट्यावर टोपली पालथी घालतात, म्हणजे रात्रीं बाहेर आलेलीं पिल्लें भटकत नाहींत. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहतात. पिल्लें असलीं तर मोजून पाण्यापासून कांहीं अंतरावर वाळूंत सोडतात. उचलून पाण्यांत टाकीत नाहींत. वाळूवरून चालत जाणें त्यांना आवश्यक आहे, आणि मोठेपणीं परतीचा किनारा ओळखण्यास त्या चालण्याचा उपयोग होतो, असें जाणकार मानतात. पहिल्याच हंगामांत अशीं ५० घरटीं राखलीं गेलीं व २,७३४ पिल्लें समुद्रांत गेलीं.

परंतु मानधन कोठून येणार, आणि किती वर्षें? बाहेरच्या देणगीवर चालणारें कार्य देणगी थांबली कीं थांबतें. हें आपल्या संस्थांच्या चालकांस सांगावयास नको. यावर २००६ सालापासून एक तोड निघाली. तिला 'कासव महोत्सव' असें नांव पडलें. पिल्लें समुद्रांत सोडली जाण्याच्या दिवसांत शहरांतल्या लोकांनीं वेळासला यावें, गांवकऱ्यांच्या घरीं उतरावें, घरचें साधें जेवण जेवावें व त्याचे पैसे त्या घरास द्यावेत, अशी योजना. हॉटेल नाहीं, बंगला नाहीं. ओटीवर अंथरूण आणि पानांत भात-आमटी, सोलकढी. घरच्या बाईच्या हातीं तिच्या स्वतःच्या कष्टाचे पैसे आले. जें कासव पूर्वीं एका टोपलीची किंमत देऊन संपत होतें, तें जिवंत राहून दरवर्षीं गांवांत पाहुणे आणूं लागलें. जिवंत प्राणी मेलेल्यापेक्षां अधिक देतो, हें अर्थशास्त्र गांवाला कोणी फळ्यावर लिहून शिकविलें नाहीं. तें घराच्या चुलीनें शिकविलें.

आणि शिक्षण दोहों बाजूंनीं झालें. शहरांतून आलेलीं मुलें पहांटे उठून किनाऱ्यावर जात, दोरीच्या मागें गप्प उभीं राहत, आणि पुष्कळदां टोपलीखालीं एकहि पिल्लू निघत नसे. तेव्हां त्यांना कळे कीं सृष्टि आपल्या वेळापत्रकानें चालत नाहीं. पिल्लू निघालें तरी त्याला हात लावावयाचा नाहीं, दिवा लावावयाचा नाहीं, वाट अडवावयाची नाहीं. आवडत्या वस्तूस हात न लावतां तिच्यावर प्रेम करणें, हा संयमाचा धडा पुस्तकांतून क्वचितच मिळतो. २०१६ सालचा 'कासव' हा मराठी चित्रपट याच कोंकणी पार्श्वभूमीवर निघाला, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें सुवर्णकमळ मिळालें, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे.

वेळासची बातमी किनाऱ्यानें दक्षिणोत्तर पसरली. केळशी, आंजर्ले, गुहागर, गावखडी, रायगड जिल्ह्यांत हरिहरेश्वर व दिवेआगर, सिंधुदुर्गांत तांबळडेग व वायंगणी अशा अनेक गांवांत राखण सुरू झाली. पुढें वन खात्यानें हें काम आपल्या हातीं घेतलें. २०१२ सालीं स्थापन झालेला राज्याचा कांदळवन कक्ष त्यांत सामील झाला, आणि गांवोगांवच्या राखणदारांस 'कासवमित्र' हें नांव पडलें. जें कार्य सरकारनें लोकांस सांगावयाचें, तें येथें लोकांनीं सरकारास करून दाखविलें.

आतां याच्या शेजारीं आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील एक उदाहरण ठेवून पाहूं. नान्नजचें माळढोक अभयारण्य सर्वांस ठाऊक आहे. माळढोक हा आपल्या माळरानांचा राजा. त्याच्या रक्षणार्थ १९७९ सालीं सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यांत गांवें आलीं, शेतें आलीं, रस्ते आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि शेतकऱ्याच्या मनांत त्या निरपराध पाखराविषयीं प्रेमाऐवजीं राग उत्पन्न झाला. पुष्कळ वर्षांनीं तें क्षेत्र कमी करून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. दरम्यान माळरानें नांगराखालीं गेलीं, पाणी आल्यावर उसाखालीं गेलीं, विजेच्या तारा आल्या, आणि माळढोक आपल्या जिल्ह्यांतून जवळजवळ नाहींसा झाला. केवळ लोकांच्या रागानें तो गेला असें म्हणणें अन्यायाचें होईल; कारणें अनेक आहेत, आणि वन खात्याच्या कर्मचाऱ्यांनीं व कित्येक पक्षिप्रेमींनीं तेथें मनापासून कष्ट घेतले. परंतु एक भेद स्पष्ट दिसतो. नान्नजला आधीं नकाशावर रेषा आली आणि लोकांशीं बोलणें नंतर. वेळासला आधीं बोलणें झालें आणि कुंपण नंतर, तेंहि गांवकऱ्यांच्याच हातचें.

लोकांच्या हृदयापर्यंत पोंचण्याचे मार्ग निरनिराळे असतात. गुजरातच्या किनाऱ्यावर देवमाशासारखा अवाढव्य, पण निरुपद्रवी, असा व्हेल शार्क मासा तेलासाठीं मारला जाई. २००१ सालीं त्यास कायद्याचें संरक्षण मिळालें, तरी खरा पालट झाला तो २००४ पासून, जेव्हां मोरारी बापू या कथाकारांनीं सांगितलें कीं हा मासा म्हणजे बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली लेक होय. तिला मारतां कसे? कोळ्यांनीं आपलीं महाग जाळीं कापून त्या लेकी सोडल्या. मुंबईंत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्यें अफरोज शाह या तरुण वकिलानें एका वृद्ध शेजाऱ्यासह कचरा उचलण्यास आरंभ केला. पुढें हजारों स्वयंसेवक मिळाले, आणि मार्च २०१८ मध्यें त्या स्वच्छ झालेल्या वाळूंतून कासवाचीं पिल्लें समुद्राकडे जातांना दिसलीं. आपल्याच समाजांतील उदाहरण द्यावयाचें तर वसईचें. तेथें फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं 'हरित वसई संरक्षण समिति'च्या द्वारें तेथील पाणी व हिरवळ वांचविण्यासाठीं लोकांस जागें केलें. २०२० सालीं सोलापुरास लागून असलेल्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, येथें मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते हेच फादर. २०२४ सालीं ते निवर्तले. सृष्टीची काळजी ही धर्माच्या बाहेरची गोष्ट नव्हे, हें पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रांत सांगितलें. वसईच्या लोकांनीं तें कित्येक वर्षें आधीं आचरून पाहिलें होतें.

येथवर वाचून सर्व कांहीं सुरळीत झालें असा समज होऊं नये. अडचणी आहेत, आणि त्या लहान नाहींत. कासव फुप्फुसांनीं श्वास घेतें. मोठ्या ट्रॉलरच्या जाळ्यांत अडकलें व वर येऊं शकलें नाहीं, तर तें बुडून मरतें. जाळ्यांत कासवाच्या सुटकेसाठीं खिडकी ठेवण्याची युक्ति आहे. पण त्या खिडकींतून कांहीं मासळीहि जाते, असें कोळी म्हणतात, आणि ज्याचें पोट त्या मासळीवर आहे त्याच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करणें न्याय्य नाहीं. अशी खिडकी वापरली जात नाहीं म्हणून अमेरिकेनें २०१९ पासून भारतीय समुद्रांत पकडलेल्या कोळंबीची आयात थांबविली. म्हणजे कासवाची हानि फिरून कोळ्याच्याच ताटापर्यंत आली. महाराष्ट्र सरकारनें २०१८ च्या अखेरीस चांगला नियम केला: संरक्षित प्राणी सोडविण्यासाठीं जाळें कापावें लागलें तर कोळ्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी. सद्गुणाची सारी किंमत गरिबानेंच भरावी असें न म्हणणारा हा नियम आहे. शिवाय महोत्सवाला गर्दी फार झाली तर तीच गर्दी किनाऱ्याला जड होते. आणि वाळू वर्षानुवर्षें अधिक तापत गेली तर सर्व पिल्लें माद्याच निपजतील, अशी शास्त्रज्ञांस काळजी आहे. पहारा देऊन अंडीं राखतां येतात, ऋतु राखतां येत नाहींत. त्यासाठीं किनाऱ्यावरच्याच नव्हे तर आपल्यासारख्या दूरच्या लोकांच्याहि राहणींत फरक पडावा लागेल.

सोडलेल्या पिल्लांचें पुढें काय होतें, हा प्रश्न साहजिक आहे. जानेवारी २०२२ मध्यें वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशीं बोलणारें यंत्र बसविण्यांत आलें. पश्चिम किनाऱ्यावरील असा हा पहिलाच प्रयोग, म्हणून तिचें नांव 'प्रथमा' ठेवलें. फेब्रुवारी २०२३ मध्यें गुहागरहून सोडलेली 'बागेश्री' दक्षिणेस जाऊन, लंकेला वळसा घालून, बंगालच्या उपसागरांत गेली. आणि २०२५ च्या जानेवारींत याहून नवल घडलें. गुहागरला अंडीं घालण्यास आलेल्या एका मादीच्या पायांत ०३२३३ या क्रमांकाची धातूची पट्टी आढळली. ती पट्टी मार्च २०२१ मध्यें ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर बसविलेली होती! सुमारें ३,५०० किलोमीटरांचें अंतर काटून ती पूर्व समुद्रांतून पश्चिम समुद्रांत आली होती. पूर्वेची कासवें निराळीं व पश्चिमेचीं निराळीं, असा जो समज होता त्यास या एका मादीनें धक्का दिला. ओडिशाच्या राखणदारानें जिला जाऊं दिलें, तिचीं अंडीं कोंकणच्या राखणदारानें सांभाळलीं. दोघे एकमेकांस ओळखत नाहींत, परंतु दोघांचें काम एकच होतें. भीमेचें पाणी पूर्वेस नेणारे आपण होटगीकर या दोन समुद्रांच्या मध्यें राहतों, हेंहि या प्रसंगीं ध्यानांत यावें.

या इतिहासांत एक गोष्ट मनाला विशेष लागते. वेळासच्या राखणदारानें २००२ सालीं ज्या पिल्लास वाट मोकळी करून दिली, तें पिल्लू जगलें असल्यास सुमारें १५ वर्षांनीं परत यावयाचें होतें. तें आलें तरी त्यास ओळखण्याची कांहीं खूण नव्हती. म्हणजे ज्याचें फळ आपणांस दिसण्याची खात्री नाहीं असें काम तीं माणसें दररोज पहांटे उठून करीत राहिलीं. मजुरीचा मोबदला थोडा, प्रसिद्धि त्याहून थोडी. आपल्या धर्मग्रामांतील ज्या वडीलधाऱ्यांच्या कष्टांचा हा उत्सव आहे, त्यांचीहि स्थिति हीच नव्हती काय? त्यांनीं ज्या मुलांस अक्षर शिकविलें व प्रार्थना शिकविल्या, त्यांचीं नातवंडें आज या उत्सवाची व्यवस्था पाहत आहेत.

तर मग आपण काय करावें? होटगीला समुद्र नाहीं, पण तलाव आहे, आणि हिंवाळ्यांत त्यावर दूरदेशींचे पक्षी उतरतात. त्यांची मोजणी करण्यास दुर्बिणीहून अधिक सबुरी लागते, आणि ती आपल्या मुलांस शिकवितां येईल. महिन्यांतून एक सकाळ ओढ्याकांठचा कचरा उचलण्यासाठीं द्यावी. जेवणावळींत प्लास्टिकऐवजीं पानें व धातूचीं ताटें वापरावींत, आणि या ज्युबिलीच्या भोजनापासूनच त्याचा आरंभ करावा. पाण्यांत काय टाकूं नये हें मुलांनीं घरोघरीं जाऊन सांगावें. मोठ्यांचें न ऐकणारे शेजारी लहानांचें ऐकतात. आणि जो कोणी आज तलावांत जाळें टाकून किंवा पाखरें मारून पोट भरीत असेल, त्यास दटावण्यापूर्वीं त्याच्याजवळ बसून बोलावें. कारण त्या पाण्याची जेवढी माहिती त्याला आहे तेवढी आपणांपैकीं कोणालाहि नाहीं, आणि उद्यांचा राखणदार बहुधा तोच असेल. चार घरांनीं आरंभ केला तरी पुरे. वेळासलाहि आरंभ चारदोन माणसांनींच केला होता.